चोरावर तूप घाल

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही कोल्हापूरचे, पेठेतलं एकत्र कुटुंब. पत्नी केरळची, त्रिशूर जिल्ह्यातली. इथल्याच एका दवाखान्यात नर्स आहे. मुलगी सात वर्षांची, मुलगा साडेतीन. धाकटा जूनपासून नर्सरीत जातो आणि अडीच महिने झाले तरी वर्गात तोंड उघडत नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, घरात दोन-दोन भाषा आहेत म्हणून पोर गोंधळलंय, मलयाळम बंद करा. तुमच्या आई म्हणतात, पोरगं ना हिकडचं ना तिकडचं व्हायचं. थोरलीनं तर शाळेच्या फाटकाशी आईला बजावलं, इथं तुझ्या भाषेत बोलू नकोस. आणि पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, "बायको मलयाळम सोडायला तयार आहे. सोडू दे का?"

नका सोडू देऊ.

मी तेवीस वर्षं कोल्हापुरात मुलांच्या बोलण्यावर काम करतेय. वाचा-भाषा उपचार असं त्याचं भारदस्त नाव. रिक्षावाले मात्र "पोरं बोलकी करायचा दवाखाना" म्हणून बरोबर आणून सोडतात. तुमच्यासारखी घरं माझ्याकडे वाढत चालली आहेत. पूर्वी निपाणी-चिकोडीकडची कन्नड माहेरं असायची, इचलकरंजीत यंत्रमागाच्या धंद्यात आलेली राजस्थानी घरं असायची. आता नोकरीत जुळलेली लग्नं आहेत, परदेशातून परतलेली जोडपी आहेत. सगळ्यांना कुणी ना कुणी एकच सल्ला दिलेला असतो: एक भाषा ठेवा.

तुमच्या मुलाचा गोंधळ उडालाय की नाही, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही गंमत म्हणून लिहिलंय की घरी तो भरपूर बडबडतो, आणि परवा जेवताना आज्जीला म्हणाला, "चोरावर तूप घाल." सगळे हसले. मीही हसले, मग ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. मलयाळममध्ये भाताला जो शब्द आहे तो आपल्या कानाला 'चोर' असाच ऐकू येतो. पोरानं तो उचलला, मराठीतलं पुल्लिंगी नाम समजला, त्याचं सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी नामाचं होणारं रूप, केलं 'चोरा' आणि त्याला 'वर' जोडला. घोडा, घोड्यावर, दगड, दगडावर, चोर, चोरावर. हा नियम त्याला कुणी शिकवलेला नाही. माझ्याकडे येणाऱ्या कॉलेजच्या पोरांनाही सामान्यरूप म्हणजे काय हे सांगता येत नाही, आणि हा साडेतीन वर्षांचा गडी ते परक्या शब्दावर चालवून दाखवतो. त्यात 'तूप' हा शब्द कन्नडातल्या 'तुप्प'शी नातं सांगणारा. म्हणजे एका वाक्यात तीन भाषा, आणि व्याकरण चोख. ज्याचा गोंधळ झालाय त्याला हे जमत नाही.

दुसऱ्या एका मल्याळी आईची मुलगी "पाल पाल" करत रडायची आणि आज्जी झाडू घेऊन भिंतीवर शोधत बसायची. पाल म्हणजे दूध. पुढं त्या आज्जी स्वतःच "पाल पितीस का गं?" म्हणायला लागल्या, त्याकडे नंतर येते.

अशी सरमिसळ आपणही दिवसभर करतो. "निघताना मिस्ड कॉल दे, मी गेटवर थांबते" यात मराठी किती, ते मोजा. मोठ्यांनी केलं तर बोलणं, आणि पोरानं केलं तर आजार, असं कसं? साधारण चार-पाच वर्षांपर्यंत मुलं आपोआप ओळखतात, कुणाशी काय बोलायचं.

दोन भाषांनी मुलांची बुद्धी मंदावते, हा समज मात्र बाईंच्या डोक्यात हवेतून आलेला नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अभ्यासकही तसंच मानत. त्यांच्या चाचण्यांत गरीब स्थलांतरितांची मुलं एका बाजूला आणि सुखवस्तू एकभाषी मुलं दुसऱ्या बाजूला, शिवाय परीक्षा मुलाला नीट न येणाऱ्या भाषेत. मग निकाल काय लागणार? १९६२ साली पील आणि लॅम्बर्ट या दोघांनी माँट्रियलमध्ये दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. घरची परिस्थिती सारखी असलेली मुलं निवडली. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही चांगल्या येणारी मुलं मागे नव्हती, उलट पुढे होती. त्यानंतर साठेक वर्षं या विषयावर काम झालं आहे, आणि दोन भाषांमुळे वाचादोष होतो असं काही हाती लागलेलं नाही. स्वमग्न मुलांच्या बाबतीतसुद्धा दुसरी भाषा काढून घेतल्यानं फायदा होतो असं दिसत नाही.

हे मी आज ठामपणे सांगते. सुरुवातीला मला कळत नव्हतं. नवीन असताना सीमेपलीकडचं माहेर असलेली एक आई दोन वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. मूल उशिरा बोलत होतं. मी तोंड वर करून सांगितलं, कन्नड थांबवा, मराठीच बोला. तिनं थांबवलं. मुलगा बोलायला लागला, मला वाटलं माझ्या सल्ल्यानं. तो तसाही लागलाच असता. सहा-सात वर्षांनी ती धाकट्याला घेऊन आली, सोबत तिची आई होती. म्हातारीला कन्नडशिवाय काही येत नव्हतं. थोरला नातू तिच्या शेजारी बाकावर बसला होता आणि दोघं हातवारे करत होती. त्यानं तिच्या गुडघ्यावर थोपटून बाहेर रिक्षा आल्याचं खुणेनं दाखवलं. मी त्या बाईची माफी मागितली. ती म्हणाली, "राहू दे हो ताई, झालं ते झालं." त्या दिवसापासून मी कुणाची भाषा बंद केलेली नाही.

आता वर्गातल्या गप्प बसण्याबद्दल.

तुमच्या पत्रात एक ओळ अशी आहे की त्यावर कुणी थांबलेलंच दिसत नाही: नर्सरी इंग्रजी माध्यमाची आहे. म्हणजे वर्गात गाणी, गोष्टी, सूचना सगळं ज्या भाषेत चालतं ती तुमच्या घरात कुणीच बोलत नाही. पोराला मराठी कळते, मलयाळम कळते, आणि वर्गात तिसरीच भाषा आहे. आणि दोष कुणाचा, तर मलयाळमचा! अनोळखी भाषेच्या वर्गात गेलेलं मूल आधी ऐकून घेतं. काही आठवडे, कधी काही महिने ते बोलत नाही. मान डोलावतं, बोट दाखवतं, दुसरी मुलं उठली की उठतं. नवीन सून सासरी आली की पहिले दिवस कशी सगळं टिपून घेते आणि बोलते कमी, तसंच.

म्हणून बाईंना भेटा आणि वेगळे प्रश्न विचारा. नाव घेतल्यावर तो बघतो का? सांगितलेलं करतो का? खेळाच्या तासाला कुणाच्या मागं-मागं असतो का? शी-शू लागली तर कसं सांगतो? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. दोन शब्द तरी त्याच्या कामाचे हवेत, आणि ते बाईंनी मराठीत चालवून घ्यायला हवेत. सगळ्यांसमोर "बोल ना, बोल ना" करून उभं करायचं नाही, एवढी एक विनंती करा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वाट बघा. घरी पोपटासारखा बोलणारा मुलगा तोवरही वर्गात मित्राच्या कानात कुजबुजतसुद्धा नसेल, शाळेत पाऊल टाकताच ताठ होत असेल, तर घेऊन या. ती भीतीची गोष्ट असते. तिचे उपचार वेगळे, आणि त्यातही भाषा बंद करणं बसत नाही.

एक गोष्ट मात्र आजच करा, कानांची तपासणी. पंचगंगेकाठच्या पावसाळ्यात आपल्याकडं निम्म्या पोरांची नाकं वाहत असतात. सर्दीनं कानाच्या पडद्यामागं पाणी साठतं आणि मूल महिनोन् महिने कानात कापूस घातल्यासारखं ऐकतं. घरात जवळून बोललेलं कळतं, पण गोंगाटाच्या वर्गात काही कळत नाही. कानाच्या डॉक्टरांकडे टिम्पॅनोमेट्री (पडद्यामागं पाणी आहे का ते कळतं) आणि खेळत-खेळत करायची ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं ते कळतं), दोन्ही करून घ्या. दुखत नाही, टोचत नाही.

वाचणाऱ्या इतर आई-बापांसाठी: वर्षाचं होऊनही मूल बा-बा, दा-दा अशी बडबड करत नसेल किंवा हवं त्याकडं बोट दाखवत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही अर्थाचा शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत "पाणी दे", "बाबा ये" असे दोन शब्द जुळत नसतील, हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा बोलणारं मूल बोलायचं थांबलं असेल, तर दाखवा. घरात एक भाषा असो की तीन, या खुणा त्याच. फक्त शब्द मोजताना दोन्ही भाषांतले धरा. एका आईनं घाबरून सांगितलं, पोरीला वीसच शब्द येतात. ते होते मराठीतले. तमिळ मोजल्यावर बावन्न झाले.

आता तुम्ही न विचारलेलं सांगते, कारण खरं काम तिथं आहे.

तुमच्या मुलांना मराठी येईल की नाही, याची चिंता मला अजिबात नाही. मराठी गल्लीत आहे, तालमीपुढं आहे, रंकाळ्यावर भेळेच्या गाड्यापाशी आहे, आज्जीच्या तोंडात तर आहेच. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानं कुठल्याही बोर्डाच्या शाळेत मराठी शिकवणं सक्तीचं आहे. मलयाळम मात्र कोल्हापुरात त्या मुलांपुरती फक्त एका माणसात आहे. त्या माणसाला शिफ्ट ड्यूटी आहे, आठवड्यातल्या दोन रात्री ती घरी नसते, आणि तिला आता गप्प बसायला सांगितलं जातंय. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात दोन भाषांच्या घरांची मोठी पाहणी झाली होती, ती २००७ साली प्रसिद्ध झाली. अशा घरांतल्या दर चार मुलांमागं साधारण एक मूल घरातली लहान भाषा बोलतच नाही, असं तिच्यात दिसलं. आई किंवा बाप ती रोज बोलत असूनही. लहान भाषा जपली नाही तर ती आपोआप जाते.

"एक माणूस, एक भाषा" हा नियम तुम्ही ऐकला असेल. तो ग्रामाँ नावाच्या फ्रेंच भाषातज्ज्ञानं आपल्या रोंझा नावाच्या मित्राला दिला होता. रोंझाची बायको जर्मन. बाप फ्रेंच बोलला, आई जर्मन, आणि मुलाच्या बोलण्याच्या नोंदी रोंझानं १९१३ साली छापल्या. नियम चांगला आहे, पण तो छोट्या घरात पाळायला सोपा. तुमच्या घरात सकाळी चुलीपुढं पाच माणसं असतात. तिथं आई पोराशी मलयाळममध्ये बोलली की जाऊबाईंना वाटतं, आपल्याबद्दल काही बोलली. म्हणून तुमच्यासारख्या घरांना मी माणसापेक्षा वेळा वाटून द्यायला सांगते. आंघोळ, वेणी-फणी, झोपताना, आणि आईबरोबर गाडीवरून जाताना मलयाळम. या चार वेळांत फाटे फोडायचे नाहीत. जेवताना सगळ्यांची मराठी. जावेला काही कळलं नाही तर आईनं लगेच मराठीत सांगायचं, "दात घास म्हटलं याला." शंकाच राहत नाही.

त्रिशूरच्या अम्मूम्माशी, म्हणजे मुलांच्या तिकडच्या आज्जीशी, फोन रोज लावा, पण "हाय कर, टाटा कर" असला नको. त्या चार मिनिटांत कुणीच काही बोलत नाही. अम्मूम्माला सांगा, कॅमेरा अंगणाकडं कर. कोंबडी दिसली, नारळ पडला, मांजर गेलं. पोरं आपोआप विचारतात. पंधरा मिनिटं पुरे. थोरलीसाठी केरळ सरकारचं मलयाळम मिशन आहे. राज्याबाहेरच्या मल्याळी मुलांना ते लिहा-वाचायला शिकवतं. त्याच्या चार पायऱ्यांना फुलांची नावं आहेत आणि पहिलीचं नाव 'कणिक्कोन्ना'. कणिक्कोन्ना म्हणजे आपला बहावा. एप्रिलमध्ये विषूच्या, म्हणजे तिकडच्या नववर्षाच्या, पहाटे देवापुढं ठेवतात तो. त्याच दिवसांत कोल्हापुरातही बहावा पिवळाधमक फुललेला असतो. पोरीला झाडाखाली नेऊन दोन्ही नावं सांगा, वर्गात घालायच्या आधी एवढं पुरे.

आता तुमची पाळी. तुमच्या पत्नीला मराठी येते, तुम्हीच लिहिलंय की आता तर कोल्हापुरी ठसक्यात बोलते. लग्नाला दहा वर्षं झाली. तुम्हाला मलयाळम किती येते? पत्रात त्याबद्दल अक्षर नाही, म्हणून मी धरून चालते की येत नाही. मुलं हे बघत असतात. कोण कुणाची भाषा शिकलं आणि कुणाला शिकायची गरज वाटली नाही, यावरून त्यांना घरातली कोणती बाजू मोठी ते समजतं. थोरली आईला गप्प करते ती शाळेत शिकून नव्हे, हे तिनं घरी बघितलंय.

पन्नास शब्द शिका. 'वेळ्ळम' पाणी, 'वा' ये, 'मति' पुरे, 'वेणम' हवं, 'वेण्डा' नको. धाकट्याकडूनच शिका, त्याला मास्तर करा. 'मऴ' म्हणजे पाऊस. त्यातलं शेवटचं अक्षर आपल्या ळ पेक्षाही जीभ मागं वळवून, टाळूला न टेकवता काढतात. तुमचं ऐकून पोरं खदखदून हसतील. हसू देत. बाप चुकतोय आणि आईला येतंय, असं दृश्य त्या घरात झालेलं नसणार. वर सांगितलेल्या आज्जी "पाल पितीस का?" म्हणायला लागल्या तेव्हा त्यांची सून माझ्यासमोर रडली होती, आणि मुलगी महिन्याभरात दोन्ही भाषांत सुटली. त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं.

आणखी एक शब्द तपासा, 'आमच्यात'. आपल्याकडं हा शब्द फार चालतो. "आमच्यात सोमवारी मटण करत नाहीत." "आमच्यात पोरीला असलं नेसवत नाहीत." मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत: 'आपण' म्हटलं की ऐकणारा आत, 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर. हिंदीत आणि इंग्रजीत हा फरक नाही. मलयाळममध्ये तो अगदी तसाच आहे: 'नम्मळ' म्हणजे आपण, 'ञङ्ङळ' म्हणजे आम्ही. म्हणजे तुमच्या पत्नीला "आमच्यात" मधली भिंत जन्मापासून ऐकू येते. दहा वर्षं ती ऐकतेय. मुलांसमोर आईला "आमच्यात असं नसतं" म्हटलं, की मुलांना हिशोब करावा लागतो: मग आई कुणाच्यात? आणि मी कुणाच्यात? 'आपल्यात' म्हणा. "आपल्यात सोमवारी मटण नसतं, त्रिशूरच्या घरी मासे असतात." मुलांना घराघराचे नियम फार पटकन समजतात. मामाकडं चप्पल आत चालते, आपल्याकडं चालत नाही, हे त्यांना कळतंच ना? 'बरोबर-चूक' न लावता 'इथं-तिथं' लावलं की झालं.

जर्मनीहून परतलेल्या एका कुटुंबातला नऊ वर्षांचा मुलगा आजोबांना "तू कुठं चाललास?" म्हणायचा, आणि आजोबांचं तोंड आंबट. मुलगा उद्धट नव्हता. जर्मनमध्येही अहो-जाहो आहे, पण ते परक्यांसाठी. घरच्या माणसाला, कितीही वडील असो, 'तू'च म्हणतात. त्याच्या हिशोबानं तो आजोबांना आपलं माणूस समजत होता. हे आजोबांना सांगितल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे त्याला तूच." वडिलांनीच मग सांभाळून शिकवलं की इथं आज्जीला तू आणि आजोबांना तुम्ही. का, असं त्यानं विचारलं. त्याचं उत्तर माझ्याकडं नाही.

थोरलीकडे येते. सात-आठ वर्षांच्या मुलांना चारचौघींसारखं दिसायचं असतं. डब्यात केरळचा पुट्टू नको, पोळी-भाजी हवी. ही अवस्था येते. पण "इथं तुझ्या भाषेत बोलू नकोस" यामागं बहुतेक वेळा कुणाचं तरी हसणं असतं. तिला एकटीला गाडीवरून रंकाळ्याला न्या, कणीस खाता खाता विचारा. माझा अंदाज आहे की कुणीतरी 'यंडूगुंडू' म्हणालं असेल. आणि नाराज होऊ नका, पण घरातही तपासा. कोल्हापुरात अख्ख्या दक्षिणेला 'मद्राशी' म्हणणारे आणि दाक्षिणात्य बोलण्याची नक्कल करून हशा पिकवणारे काका घरटी एक असतातच. प्रेमळ असतात, पोरांना आइस्क्रीम देतात. त्यांना बाजूला घेऊन सांगा, ही चेष्टा आता बंद. हे तुम्हीच सांगायचं, पत्नीनं नव्हे.

शाळेत आईनं मराठीत बोलावं, ही तिची मागणी सध्या मान्य करा. फाटकाशी मराठी, गाडी कोपऱ्यावर वळली की मलयाळम. मुलीला आईची लाज वाटतेय असा अर्थ आईनं मनाला लावून घेऊ नये, हे मी सांगते खरं. पण ते लागतं, हेही मला माहीत आहे. त्या दिवशी रात्री तुम्ही पत्नीशी बोललात का?

आई मराठीत "पप्पा आली" असं काही म्हणते आणि पोरगी फिदीफिदी हसते, हेही तुम्ही लिहिलंय. मलयाळममध्ये क्रियापदाला लिंग नसतं, वचन नसतं. 'वन्नु' म्हणजे आला, आली, आलं, आले, सगळंच. एवढं मुलीला सांगा. आणि हेही सांगा की कोल्हापूरच्या बायका "मी जेवलो", "मी आलो" म्हणतात तेव्हा पुण्यात लोक वळून बघतात. तिची आत्ती पुण्याला जाऊन तेच बोलत असणार. कोण कुणाला हसणार?

"ना हिकडचं ना तिकडचं" म्हणणाऱ्या तुमच्या आईंशी मी भांडणार नाही. त्यांना भीती आहे की नातू हातचा जाईल. त्यांना विचारा, आपल्या घरात थोरल्याला अण्णा आणि थोरलीला अक्का का म्हणतात? हे शब्द कन्नडातही तेच आहेत. सौंदत्तीच्या यल्लम्माला गल्लीतल्या गाड्या भरून जातात, ते गाव कर्नाटकातलं. खिद्रापूरच्या देवळात जुने कन्नड शिलालेख आहेत. शाहू महाराजांनी १९१९ साली आंतरजातीय लग्नांना संस्थानात कायद्याचा आधार दिला, तेव्हाही "आता पोरं कुठली म्हणायची?" असं पेठेत कुणीतरी म्हणालंच असणार.

सण सोपे असतात, म्हणून मी त्यांच्यावर फार भर देत नाही. वर्षातून एकदा सोनेरी काठाची साडी नेसवून फोटो काढला की भाषा येत नाही. तरी एक गोष्ट आज्जीच्या हाती देण्यासारखी आहे. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी तिरुओणम, म्हणजे ओणम सणाचा मुख्य दिवस, गणपतीच्या दिवसांतच आला. ओणमला केरळात दारात फुलांची रांगोळी घालतात, पूक्कळम. आणि कुणाच्या स्वागताला? बळीराजाच्या. वामनानं पाताळात घातलेला तोच बळी, वर्षातून एकदा आपल्या माणसांना भेटायला येतो. आज्जी दिवाळीत ओवाळताना "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणत असतीलच. हे तुमच्या पत्नीनं कधी त्यांना सांगितलंय का, की तुमचा बळी आमच्याकडंही येतो? बहुतेक नाही, विचारलं कुणी असेल तर सांगणार. आज्जींना विचारायला लावा. पोरांना गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकू द्या: राजा ओणमला अम्मूम्माकडं जातो आणि दिवाळीला आपल्याकडं येतो. दसऱ्याचंही तसंच: आपल्याकडं पाटीपूजन, आणि त्याच दिवशी केरळात लहानग्यांकडून तांदळात पहिली अक्षरं गिरवून घेतात. तांदळाचं ताट सकाळी करा, संध्याकाळी सोनं लुटायला दसरा चौकात जा. धाकटा यंदा अक्षरं गिरवायच्या वयाचा आहेच.

मे महिना त्रिशूरला काढा, जमलं तर पूर्ण. तिकडच्या शाळाही तेव्हा बंद असतात, त्यामुळं मामाची पोरं घरी असतात. मामाच्या पोरांबरोबर तीन आठवड्यांत जे होतं ते माझ्याकडं वर्षात होत नाही, आणि त्याची फी नाही. पत्नीला रजा मिळत नसेल तर तुम्ही मुलांना घेऊन जा. पन्नास शब्द तिथं कामाला येतील.

आणि ते फोनवरचं इंग्रजी बालगीतांचं चॅनेल बंद करा. "त्यानं इंग्लिश सुधारतंय" असं तुम्ही लिहिलंय. फोन पोराला उत्तर देत नाही, थांबत नाही, त्याच्याकडं बघत नाही. त्या वेळात तुमच्या आईंनी चिऊ-काऊची गोष्ट सांगितली तर मला जास्त आवडेल. "बेटा, वॉटर पी" हेही नको. आपल्याला धड येत नाही त्या भाषेत लेकराशी बोलायचं आणि जी चांगली येते ती आवरायची, हा उद्योग मला तेवीस वर्षांत समजलेला नाही.

दिवाळीनंतर यायचं ठरलं तर कानाचे रिपोर्ट आणा, आणि दोन रेकॉर्डिंग आणा: एक आज्जीशी जेवताना, एक आईशी झोपताना, पाच-पाच मिनिटांची, त्याला न सांगता केलेली. सोबत एक वही. डावीकडं मराठी शब्द, उजवीकडं मलयाळम, तो स्वतः बोलतो तेवढेच. उजवा रकाना तुम्ही लिहा, पत्नीला विचारून. 'पाल' दोन्हीकडं आला तर दोनदा मोजा.